सही न करण्याची सोय

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं, की आंबा घाट उतरायच्या आधी मलकापूर लागतं. विशाळगड जहागिरीचं हे जुनं ठाणं. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि पंतप्रतिनिधींचा कारभार गडावरून खाली मलकापुरात आला. आता इथं नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, एसटी स्टँड आहे आणि जवळच शाहूवाडीत तालुक्याची कचेरी. (चोवीस तास पाण्यासाठी गाजलेलं मलकापूर ते कऱ्हाडचं. हे दुसरं.)

तालुका डोंगराचा आणि पावसाचा. गजापूर किंवा शित्तूर-वारुणच्या बाजूच्या माणसाला तालुक्याला काम काढायचं, तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि दुपारचा वडापाव एवढं गृहीत धरूनच घर सोडावं लागतं. ‘आपले सरकार’ केंद्रांमुळं काही खेपा वाचल्या, सगळ्या नाहीत. टेबलापुढं उभं राहिल्यावर ‘साहेब फिरतीवर आहेत, सोमवारी या’ असं कानावर आलं, की खर्च दुप्पट होतो. हे वाक्य कुठल्या एका कचेरीचं नाही. राज्यातल्या ३५८ तालुक्यांत ते एकाच चालीत म्हटलं जातं.

त्याची कारणं लोकांकडं तयार असतात. कारकून कामचुकार आहे, त्याला ‘वजन’ हवंय, त्याच्यावर कुणाचा वचक नाही. यातलं एखादं खरंही असेल. पण मग सरकार जे उपाय करतं ते या निदानाला साजेसेच असतात: भिंतीवर सुविचार, वर्षातून एकदा दक्षता सप्ताह, प्रशिक्षण संस्थेत ‘सकारात्मक दृष्टिकोन’ या विषयावर दोन तासांचं व्याख्यान आणि शेवटी टाळ्या. खासगी कंपन्याही यात मागं नाहीत. त्यांचे सुविचार फक्त अधिक गुळगुळीत कागदावर छापलेले असतात.

गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या सांध्यावर जे वर्तनशास्त्र उभं राहिलं, ते वेगळा प्रश्न विचारतं. डॅनिएल कानमन यांना २००२मध्ये आणि रिचर्ड थेलर यांना २०१७मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अभिजित विनायक बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९मध्ये. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरच्या पाटणकर, त्यामुळं ते ‘विनायक’ आपल्याकडं जरा जास्तच कौतुकानं उच्चारलं गेलं.) या मंडळींचा प्रश्न साधारण असा: माणूस कसा आहे ते राहू दे, त्याच्यासमोरची मांडणी कशी आहे? अमुक एक गोष्ट करायला किती पायऱ्या आहेत आणि न करायला किती?

हा प्रश्न घेऊन सरकारी टेबलाकडं पाहिलं, तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती सहीची. सही केलेल्या कागदावर उद्या आक्षेप निघू शकतो, लेखापरीक्षण होऊ शकतं, चौकशी लागू शकते. सही न केलेल्या कागदावर काहीच होत नाही. तो ‘विचाराधीन’ असतो. त्यातही पूर्ण सुरक्षित जागा म्हणजे त्रुटी काढून अर्ज परत पाठवणं. काम केल्याची नोंद होते आणि जबाबदारीही अंगावर येत नाही. कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं होतं, की मिळणाऱ्या फायद्याच्या आनंदापेक्षा होणाऱ्या तोट्याची धास्ती माणसाला जास्त हलवते. दाखला वेळेत दिला म्हणून कारकुनाला कुणी शाबासकी देत नाही. चुकीचा दिला तर मात्र त्याची फाइल उघडते. अशा ठिकाणी प्रामाणिक माणूससुद्धा हळूहळू सही न करण्याच्या सोयीला सरावतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध असं लांबलचक नाव असलेला २००५चा कायदा सांगतो, की कोणतीही फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडं कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. मुद्दाम किंवा सवयीनं विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. त्यानंतर दहा वर्षांनी लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्यात सेवांना मुदती ठरल्या, अर्जाची पोच आणि अपिलाची सोय आली आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला गेला. म्हणजे सही न करण्यालाही किंमत लावायचा प्रयत्न झाला. अडचण पुढं येते. ती किंमत वसूल करायची, तर फाइल आठव्या दिवशी कुठं आहे ते कुणाला तरी दिसलं पाहिजे. आणि ज्या दप्तरात तीस वर्षांचे गठ्ठे कपाटावर, कपाटाखाली आणि कपाटामागं आहेत, तिथं आठवा दिवस कुणाला दिसणार?

या जागी महाराष्ट्राच्या प्रशासनातला एक जुना प्रयोग आठवावा लागतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हा कचेरीची बसण्याची मांडणी, कागदाचा प्रवास आणि अभिलेख यांची उस्तवार केली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पुढं राज्यभर झालं. त्यात आणि महसुली दप्तराच्या जुन्या शिस्तीत ज्या दोन गोष्टी बसतात, त्या बाहेरच्या माणसाला कंटाळवाण्या वाटतील. पण मौज तिथंच आहे.

पहिली, कागदाचं वर्गीकरण. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा वर्षं, ‘क’ पाच वर्षं आणि ‘ड’ एका वर्षानं नष्ट करायचा. दुसरी, सहा गठ्ठे पद्धत. कारकुनानं आपल्या टेबलाचे सहा गठ्ठे करायचे: चालू प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक काळानं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात जायचे कागद आणि नष्ट करायचे ‘ड’ कागद. बस, एवढंच. पण एवढं केलं, की ‘माझ्याकडं फार काम आहे’ या वाक्याचे तुकडे पडतात. त्यातलं खरं काम पहिल्या गठ्ठ्यात असतं, आणि बहुतेक टेबलांवर तो गठ्ठा भीती वाटावी इतका मोठा नसतो. उरलेला ढीग नुसता घाबरवायला असतो. कारकून ज्या ढिगाला भिऊन हात लावत नव्हता, त्याच ढिगाच्या आड उशिराची फाइल लपत होती.

२०१७मध्ये चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त झाले. साताऱ्यातल्या निढळ या आपल्या गावाच्या कामामुळं ते आधीच परिचित होते. त्यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ या बोजड इंग्रजी नावाखाली हीच शिस्त पुणे विभागाच्या पाचही जिल्ह्यांत लावली. कोल्हापूर त्यातलं एक, म्हणून शाहूवाडीही त्यात आली. आधी जुनं दप्तर निंदायचं, वर्गीकरण करायचं, ‘ड’ कागद काढून टाकायचे. मग आजचा कागद आज. पुढं राज्य सरकारनं ही पद्धत सगळीकडं लागू करायचं ठरवलं. त्या काळात कचेऱ्याकचेऱ्यांतून रद्दी निघाली, कपाटांच्या मागच्या भिंती दिसल्या आणि कर्मचारी शनिवार-रविवारीही दप्तर लावत बसले.

या मोहिमेचं कौतुक करताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. ‘निकाली’ हा आकडा मोजायला लागलं, की आकडा निकाली निघायला लागतो. ‘त्रुटीपूर्तता करून फेरअर्ज करावा’ असं पत्र धाडलं की टेबल कोरं होतं, पेंडन्सी शून्य होते आणि गजापूरचा माणूस पुन्हा एसटीत. टेबल मोकळं होणं आणि माणसाचं काम होणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. दुसरी मोजणं जास्त कठीण, म्हणून बहुतेक आढावा बैठकांत पहिलीच मोजली जाते.

मांडणी बदलून कचेरी बदलायचा कोल्हापुरातला सगळ्यांत धाडसी प्रयत्न मात्र या साऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे.

शाहू महाराज १८९४मध्ये गादीवर आले, तेव्हा संस्थानच्या प्रशासनातल्या ७१ मोठ्या जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. महाराजांना व्याख्यान देता आलं असतं, समाजाला आवाहन करता आलं असतं. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडात होते. त्या हुकमातून ‘रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गाला’ हे सर्वांना पाठ आहे, शाळेच्या पुस्तकातही आहे. दुर्लक्षित राहतो तो त्याचा बांधा. ज्या कचेरीत हे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक आपोआप मागासवर्गातल्या माणसाची. कुणाच्या सदिच्छेवर, ‘लायक उमेदवार मिळाल्यास’ वगैरेवर काहीच सोडलं नाही. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी झालेल्या नेमणुकांचं विवरण सादर करायचं.

आजच्या वर्तनशास्त्राच्या पुस्तकात हेच दोन उपाय अग्रभागी असतात. एक, काही न ठरवता जे आपोआप घडतं तेच बदलून टाका. दोन, जे घडतंय ते ठरावीक दिवसांनी वरच्याच्या टेबलावर आणा. थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या ‘नज’ (म्हणजे हलकी टोचणी) या पुस्तकानं २००८मध्ये पहिल्या उपायाला जगभर प्रतिष्ठा दिली. अमेरिकेत नोकरीला लागणारा माणूस निवृत्तीच्या बचत योजनेत आपोआप सामील झाला आणि नको असेल तर त्यानं तसं कळवायचं एवढाच बदल केला, तर बचत करणारे प्रचंड वाढतात, हे त्यांचं लाडकं उदाहरण. महाराजांना कुणी हे शिकवलं नव्हतं. हुकमाला दहा वर्षं झाली तेव्हा, १९१२मध्ये, संस्थानातल्या ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले होते.

कागदावरच्या नियमानं नेमणूक होते. शेजारी बसलेल्यानं पाण्याचा तांब्या पुढं करणं मात्र होत नाही. महाराजांच्या पागेत कामाला असलेले गंगाराम कांबळे पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी तिथं थांबू लागली. ते चहा मागवायचे, बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावायचे. हुजुरांची सही हवी असेल तर गंगारामाच्या हॉटेलात या, चहा घ्या आणि सही न्या, असा शिरस्ता पडल्याचं कोल्हापुरात आजही सांगतात.

याला हलकीशी टोचणी म्हणणं म्हणजे थट्टाच. राजा होता तो, नाही म्हणायची सोय कुणाला होती? पुढं १९१९मध्ये तर त्यांनी स्वच्छ बजावलं, की सरकारी नोकरीत अस्पृश्यांना समानतेनं वागवायचं, ज्याला ते जमणार नाही त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. पण चहाच्या प्रसंगात धाकाखेरीज आणखी एक गोष्ट आहे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीवरच ती शिवाशिव टिकून होती. सरदार चहा पिताना रस्त्यावरच्या लोकांना दिसले आणि ती भीती उलटी फिरली. इतर काय करतात याच्याकडं डोळा ठेवून माणूस वागतो, हे सामाजिक मानसशास्त्राचं अर्धं भांडवल आहे. महाराजांनी ते रस्त्यावर वापरलं.

सरकार झालं. आता कारखाना. त्यासाठी मलकापुरातून कोकणाच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला जावं लागेल.

स्टॅनफर्डचे निक ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी २००८पासून तारापूर आणि शेजारच्या गुजरातेतल्या उंबरगावच्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. व्यवस्थापन सुधारल्यानं खरंच काही फरक पडतो का, की ती सल्लागार कंपन्यांची पोटापाण्याची भाषा आहे? हे तपासायला त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कारखाने दोन गटांत वाटले. एका गटाला महिनाभर नुसती पाहणी करून निदान सांगितलं. दुसऱ्या गटाला त्यापुढं आणखी चार महिने सल्लागारांनी शेजारी उभं राहून काम करवून घेतलं. कारखाने कौटुंबिक, भाऊ-चुलत्यांनी चालवलेले. गोदामात सुताच्या पेट्यांची नोंद नाही, माग का बंद पडला त्याची नोंद नाही, कापडातला दोष सापडला तर दुरुस्त करायचा, पण तो कुठल्या मागावर होतो ते लिहायचं नाही.

उपायांची यादी ३८ पद्धतींची होती आणि त्यातली एकही भारी नव्हती. दोषांची वही, माग बंद पडण्याची कारणं, सुट्या भागांची मांडणी, रोज व्यवस्थापक आणि मिस्त्री यांची बैठक, आकडे भिंतीवर सगळ्यांना दिसतील असे. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग आधी का केलं नाही, या प्रश्नावर मालकांची उत्तरं पाहण्यासारखी होती. बऱ्याच गोष्टी त्यांना ठाऊकच नव्हत्या, आणि ज्या ठाऊक होत्या त्यांची आपल्याला गरज आहे असं वाटत नव्हतं. धंदा चालू आहे, नफा होतोय, आमचं कापड चांगलंच असतं. दोष मोजलेच नसल्यामुळं ते कमी आहेत अशी खात्री होती.

इचलकरंजीच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९०४मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग लावला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी पाठबळ दिलं आणि गावाचं नशीब बदललं. तिथली मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजावर, आणि मीटरवर. मीटरवर मजुरी दिली की कामगार आपोआप नीट काम करतो, असा मालकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. पण मीटरला पैसे दिले तर मीटर मिळतात. सुताची नासाडी आणि कापडातला दोष त्या हिशेबात येत नाही, तो वेगळा मोजावा लागतो.

तारापूरच्या कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. तरीही त्या कारखान्यांचं काम ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, हे खरं. बंद पडायची मोठी कारणं दोन: कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही.

सरकारी कचेरीत पहिलं कारण तर कायद्यानंच लिहून ठेवलंय. फाइलीला सात दिवसांची मुदत घालणारा जो २००५चा अधिनियम, त्यातच अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला आहे. प्रत्यक्षात तोही पुरा होतोच असं नाही. आणि आपल्याकडं चांगल्या पद्धतीला माणसाचं नाव द्यायची हौस. अमुक साहेबांचा पॅटर्न म्हटला, की साहेबांची बदली झाल्यावर पॅटर्नचीही होते. नवे साहेब येताना आपला पॅटर्न घेऊन येतात. सहा गठ्ठ्यांना कुणाचंच नाव नाही, म्हणून असेल कदाचित, ते अजून तग धरून आहेत.

वर्तनशास्त्राचे गोडवे गाणं गेल्या काही वर्षांत जरा कठीण झालंय, तेही सांगितलं पाहिजे. केंद्राच्या २०१८-१९च्या आर्थिक पाहणीत या विषयाला अख्खं प्रकरण मिळालं, तेव्हा उत्साह शिगेला होता. पण ज्या शोधनिबंधांवर हा उत्साह पोसला गेला त्यातल्या काहींचा पाया ढासळला. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर माणूस खरी माहिती भरतो, असा २०१२चा एक गाजलेला निबंध होता. तो २०२१मध्ये मागं घेण्यात आला. त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट निघाली. आणि प्रामाणिक प्रयोगांतही फरक पडतो. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांच्या प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा टोचण्यांचा परिणाम सरासरी ८.७ टक्केबिंदूंचा दिसतो. अमेरिकेतल्या सरकारी पथकांनी प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत तो १.४ निघाला. शून्य नाही, पण व्याख्यानाला टाळ्या पडाव्यात इतकाही नाही.

त्या मानानं पायरी काढून टाकण्याचा उपाय साधा आणि खात्रीचा. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारनं अनेक दाखल्यांसाठीचं प्रतिज्ञापत्र रद्द केलं आणि साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरेसं ठरवलं. मुद्रांक, तो मिळवायची रांग, लिहून देणारा आणि साक्षांकन करणारा, सगळं एका आदेशानं गळालं. त्यासाठी कुणाचं मन वळवावं लागलं नाही.

आतापर्यंत सांगितलेली कचेरीतली माणसं मस्टरवरची आहेत. पगारी रजा असलेली, बदलीला नाही तर वेतन आयोगाला डोळे लावून बसलेली. २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. बदल्यात रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. त्या आदेशावर किती लिहिलं-बोललं गेलं! आता मस्टरबाहेरची माणसं. शाहूवाडी तालुक्यात बांबवड्याजवळ उदयसिंहराव गायकवाड सहकारी साखर कारखाना आहे. पट्टा उसाचा. आणि उसाच्या फडात कामाच्या ठिकाणचं जे वर्तनशास्त्र चालतं, ते कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जुनं आणि जास्त परिणामकारक आहे.

राज्यभराच्या ऊसपट्ट्यात पद्धत अशी. मुकादम पावसाळ्यात, हाताला काम नसतं तेव्हा, मजुराच्या दारात येतो आणि उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका कोयत्याला उचल लाखाच्या घरातही जाते. हंगामभर तोडणीतून ती फिटवायची. नाही फिटली तर पुढच्या वर्षी परत यायचंच. काम चुकलं, आजारपण आलं, बाईची पाळी आली, तर खाडा. खाड्याचे ५०० रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात आणि जोडप्यातल्या एकानं खाडा केला तरी कोयता मोडतो. तोट्याची धास्ती, आधीच खर्च झालेल्या पैशाचं ओझं, टोळीतल्या इतरांची नजर: वर्तनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या साऱ्या कळा इथं एकाच माणसावर, एकाच दिशेनं दाबलेल्या असतात. तालुक्याच्या कारकुनाला काम न करण्याची किंमत शून्य. ऊसतोड बाईला ती एका दिवसाच्या मजुरीहून जास्त.

ती किंमत कुठवर जाते, ते बीडनं दाखवलं. ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जातात, अशा बातम्या आल्यावर २०१९मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणं एकात एक गुंतलेली. खासगी डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती, फडावर पाणी नाही, शौचालय नाही, लवकर लग्न, लवकर बाळंतपणं. त्यात खाडाही होता. दर महिन्याला दोन-तीन दिवस बुडण्यापेक्षा पिशवीच नको, असा विचार करणाऱ्या बाईला अडाणी म्हणणं सोपं आहे. तिच्यासमोरच्या मांडणीत तिनं हिशेब बरोबरच केला होता.

उसाचाच एक अभ्यास तमिळनाडूतला, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि सहकाऱ्यांनी ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीच्या त्याच चाचण्या दिल्या. माणसं तीच, पण बिल हाती यायच्या आधीच्या ओढगस्तीत त्यांचे गुण कमी पडले. गरिबी डोक्यातली जागा खाते, असा त्यांचा निष्कर्ष. अमेरिकेत पगाराच्या आधी-नंतर केलेल्या एका अभ्यासात असा फरक सापडला नाही, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण ओडिशातला पुढचा प्रयोग कामाच्या ठिकाणाशी थेट भिडतो. सुप्रीत कौर, मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी हंगाम नसलेल्या दिवसांत पत्रावळी बनवणारे मजूर लावले. काहींना केलेल्या कामाची मजुरी शेवटी एकदम दिली, काहींना मोठा भाग मध्येच देऊन टाकला. दर तोच. मध्येच पैसे मिळालेल्यांनी, विशेषतः त्यांतल्या जास्त गरीब मजुरांनी, पुढच्या दिवसांत जास्त पत्रावळी बनवल्या आणि चुकाही कमी केल्या. उधारी फिटली, डोकं हलकं झालं, हात चालला.

उचलीचं समर्थन करणारे म्हणतात, आम्हीही पैसे आधीच देतो की! फरक एवढाच, की ओडिशात केलेल्या कामाचे पैसे लवकर मिळाले आणि फडात न केलेल्या कामाचे पैसे आधी मिळतात. एकानं डोक्यावरचं ओझं उतरतं, दुसऱ्यानं चढतं. आठवड्याला हिशेब आणि रोख मजुरी, महिन्याला दोन दिवस बिनखाड्याची रजा, फडाजवळ पाणी आणि आडोसा: एवढं करून एका हंगामात दोन टोळ्यांची तोडणी ताडून पाहायला कारखान्याला फार खर्च येणार नाही. टोळीनं किती टन तोडले, याचा हिशेब काट्यावर रोज होतच असतो. अडचण अशी, की ऊसतोड मजूर कारखान्याच्या मस्टरवर नसतो. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. मांडणी बदलायची म्हटली तर या साखळीतला प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो. कचेरीतल्या फाइलीसारखंच, पण इथं अपील करायला पोचपावतीसुद्धा नसते.

हंगाम तोंडावर आला, की टोळ्या फडांकडं निघतात आणि कारखान्यांच्या आवारात कोप्या उभ्या राहतात. त्या हंगामाची उचल पावसाळ्यातच वाटून झालेली असते.